चपळ गाडीचे ब्रेक बदलताना

आपल्या घरांत हल्ली एक नवी पाहुणी येऊ लागली आहे. मुलगा पुण्यात किंवा हैदराबादेत नोकरीला लागतो, दोन-तीन वर्षे पगार साठवतो आणि एक दिवस जुन्या बाजारातून छोटी पण झपाट्याने पळणारी गाडी दारात आणून उभी करतो. कुणी फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय आणतो, कुणी ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाइन, कुणी मारुतीची बलेनो आरएस. नव्या मोठ्या गाडीच्या निम्म्या किमतीत मिळतात आणि चालवायला मजा येते, हे खरेच आहे. मुलाच्या आनंदात विरजण घालायचा माझा इरादा नाही.

मला बोलायचे आहे ते त्यानंतरच्या एका दिवसाबद्दल. गाडी पन्नास-साठ हजार किलोमीटर चाललेली असते. पुढच्या चाकातून किर्र आवाज येऊ लागतो, किंवा ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरते. गॅरेजवाला सांगतो, पॅड संपले, डिस्कही गेली. आता मुलाच्या मोबाइलवर भोके पाडलेल्या चकचकीत डिस्कची चित्रे येतात, लाल-पिवळ्या रंगांच्या पॅडची नावे येतात, ‘रेसिंग’ हा शब्द येतो. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना यातले काही कळत नसल्याने ते म्हणतात, तुला बरे वाटेल ते घाल. तीच गाडी पुढच्या ईदला आजी-आजोबांना, सुनेला आणि दोन मुलांना घेऊन ताम्हिणी किंवा कुंभार्ली घाट उतरणार असते. म्हणून ही निवड एकट्या मुलाची नाही.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. पण माझ्या थोरल्या भाईजानचे कोकणात गॅरेज होते आणि माझ्या सुट्ट्या त्यांना पाने-पकडी हातात देण्यात गेल्या. पुढे जे लिहिले आहे त्यातले निम्मे त्यांच्याकडून शिकलेले आहे, निम्मे नंतर वाचून पडताळलेले.

ब्रेक गाडी थांबवतो म्हणजे नेमके काय करतो? पळत्या गाडीत जी ऊर्जा असते तिची तो उष्णता करतो. दुसरी कुठलीही जादू त्यात नाही. पोलो जीटीसारखी गाडी रिकामी सुमारे अकराशे किलोची. पाच माणसे आणि सामान धरले की चौदाशे. ही गाडी ताशी १०० किलोमीटरवरून पूर्ण थांबवली तर सुमारे ५.४ लाख जूल उष्णता तयार होते. पावणेदोन लिटर गार पाण्याला उकळी आणायला एवढी पुरते. आणि हे काम साडेतीन-चार सेकंदांत व्हायचे असते. त्या गाडीचे इंजिन १०५ अश्वशक्तीचे आहे. जोरात ब्रेक लावल्यावर त्या काही सेकंदांत ब्रेक त्या इंजिनाच्या सुमारे दुप्पट ताकदीने काम करतात. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हेही मुलांना एकदा कागदावर मांडून दाखवावे. ८० वरून १०० म्हणजे वीसच तर वाढले, असे त्यांना वाटते. उष्णता मात्र दीडपटीहून जास्त झालेली असते.

पण एकदा जोरात थांबणे ही ब्रेकची खरी परीक्षा नाही. थांबल्यावर डिस्क गार होते. खरी परीक्षा घाटात. समजा घाट सहाशे मीटर उंचीचा आहे आणि तो उतरायला वीस मिनिटे लागली. त्या चौदाशे किलोंच्या गाडीची ८२ लाख जूल ऊर्जा या उताराने कुठेतरी सोडायची आहे. सव्वीस लिटर पाणी, म्हणजे मोठी बादली काठोकाठ भरून वर आणखी काही लिटर, उकळायला लागेल एवढी. वीस मिनिटे सतत दोन हजार वॉटचे तीन गिझर चालू ठेवले तरी ती उष्णता भरून निघत नाही. यातली काही वाऱ्याच्या आणि टायरच्या विरोधात जाते, काही इंजिन सोसू शकते. चालकाने इंजिनाला सोसू दिले नाही, तर बाकीची सगळी त्या दोन लोखंडी चकत्यांत. पुढच्याच म्हणतो, कारण ब्रेक लावताना गाडीचे वजन पुढे झुकते आणि सत्तर टक्क्यांच्या आसपास काम पुढची चाके करतात. पोलो जीटीला तर मागे डिस्क नाहीतच, ड्रम आहेत. एन लाइन आणि बलेनो आरएस यांना चारही चाकांना डिस्क आहेत, तरी भार पुढेच.

उतारावर गाडी थोपवण्याची ही चिंता मोटारीहून जुनी आहे. इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या डोंगराळ भागात घोडागाड्यांचे गाडीवान उतारावर चाकाला जुन्या बुटांचे चामडे घासून गाडी आवरत असत. हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने ते पाहिले आणि याहून टिकाऊ काही बनवता येईल का, यावर डोके लढवले. १८९७ साली त्याने सुरू केलेला कारखाना म्हणजेच आजची फेरोडो ही ब्रेक पॅडची कंपनी. फ्रूड या आडनावाच्या अक्षरांत पत्नी एलिझाबेथचा ‘ई’ मिसळून हे नाव बनले आहे. घाटाने एका माणसाला धंदा दिला असे म्हणायला हरकत नाही.

आता पॅडकडे येऊ. पॅड म्हणजे लोखंडी पट्टीवर दाबून चिकटवलेले घर्षणाचे मिश्रण. त्यात राळ असते, तंतू असतात, धातूचा कीस असतो, ग्राफाइट असते. प्रमाण बदलले की स्वभाव बदलतो. धातू जवळजवळ नसलेले, सेंद्रिय प्रकारचे पॅड मऊ, शांत आणि डिस्कला जपणारे असतात. रोज शाळा, बाजार, ऑफिस करणाऱ्या साध्या गाडीला ते पुरतात. घाटात तापले की लवकर मलूल होतात. सेमी-मेटॅलिक पॅडमध्ये धातू भरपूर असतो. ते उष्णता सोसतात, पण आवाज करतात, काळी पूड सोडतात आणि डिस्क थोडी जास्त खातात. सिरॅमिक पॅड शांत आणि स्वच्छ, अलॉय चाके काळी करत नाहीत. युरोपीय गाड्यांना कारखान्यातून बहुधा कमी धातूचे, पण चांगली पकड देणारे पॅड येतात. पोलोची पुढची चाके धुतली तरी आठवड्यात काळी होतात ती यामुळेच. त्यात बिघाड काही नाही. काळी पूड नको म्हणून पॅडचा प्रकार बदलणाऱ्यांचे मला नवल वाटते. पूड धुता येते.

आणि मग येतात शर्यतीचे पॅड. यांच्याबद्दल तरुणांत सर्वांत मोठा गैरसमज आहे. शर्यतीचा पॅड म्हणजे ‘अजून चांगला पॅड’ असे त्यांना वाटते. तसे नाही. तो वेगळ्या तापमानासाठी बनवलेला असतो. शर्यतीच्या मैदानावर दर वळणाला जोरात ब्रेक लागतो, डिस्क कधी गार होतच नाही; तिथे तो पॅड शेकडो अंशांवर उत्तम धरतो. तोच पॅड सकाळी गार असताना, पावसात, सोसायटीच्या फाटकाबाहेर सायकलवरचे पोर आडवे आले की नीट धरत नाही. तापायला त्याला चार-सहा जोरदार ब्रेक लागतात, आणि पोर तेवढे थांबत नाही. माझ्या भाच्याच्या एका मित्राने असे पॅड बसवले होते. महिनाभर तो किंचाळणाऱ्या ब्रेकची तक्रार करत होता. मी त्याला विचारले, बाळा, रोज पहिल्या सिग्नलला पायाला काय वाटते? म्हणाला, मामू, पहिले दोन-तीन ब्रेक लाकडासारखे लागतात. त्याच्या रोजच्या वाटेवर ब्रेक लागायचेच आठ-दहा. म्हणजे रोजच्या ब्रेकांतला चौथा हिस्सा तो लाकडावर लावत होता.

कागदाचा खोका काहीही सांगो, पुष्कळ पॅडच्या पट्टीवर किंवा कडेवर दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात, ती वाचायला शिकावे. ई, एफ, जी अशी ती अक्षरे असतात आणि ती घर्षणाचे माप सांगतात. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिले अक्षर सामान्य तापमानाचे, दुसरे चांगले तापल्यावरचे. ‘एफएफ’ म्हणजे गार असताना जेवढा धरतो तेवढाच गरम झाल्यावर. ‘एफई’ असेल तर तापल्यावर ढिला पडतो. रस्त्यावरच्या चपळ गाडीला दोन्ही अक्षरे सारखी असलेला, एफएफ किंवा जीजी, असा पॅड पाहावा. ही अक्षरे पॅड किती टिकेल ते सांगत नाहीत, आवाज करेल का तेही नाही, पण दुकानदाराला एवढे विचारले तरी तो समोरच्याला ओळखतो.

दुसरी खूण युरोपीय. गोलातला इंग्रजी ‘ई’ आणि शेजारी आकडा, आणि पुढच्या क्रमांकात ‘आर ९०’. बदली पॅड मूळ पॅडच्या जवळपास, म्हणजे पंधरा टक्क्यांच्या फरकात काम करतो का, याची चाचणी या नियमाखाली होते. पोलोसारख्या युरोपीय घडणीच्या गाडीला ही खूण असलेले पॅड सहज मिळतात. टेक्स्टार, टीआरडब्ल्यू, एटीई, बॉश, फेरोडो ही नावे त्यात येतात. ईबीसी या ब्रिटिश कंपनीचे पॅड रंगांवरून ओळखले जातात आणि तरुणांत त्यांचीच चर्चा जास्त. हिरवा हलक्या-चपळ रस्त्यावरच्या वापराचा, लाल शांत आणि कमी पुडीचा सिरॅमिक, पिवळा अधिक जोरकस चालवणाऱ्यांसाठी. रंग आवडीचा घ्यायचा नसतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

माझे मत विचाराल तर ते सरळ आहे. गाडी कारखान्यातून आली तशीच असेल, तर कारखान्याच्या दर्जाचे पॅड घ्यावेत, त्यापुढे जाऊ नये. इंजिनाची सेटिंग बदलून ताकद वाढवली असेल (आणि पोलो जीटी जुनी घेतली की आधीच्या मालकाने ती वाढवलेली असण्याची शक्यता बरीच असते), किंवा दर महिन्याला घाट होत असेल, तर रस्त्यासाठीच बनवलेला एक पायरी वरचा पॅड घ्यावा. शर्यतीचा कोणत्याही घरगुती गाडीला नको.

डिस्कची गोष्ट पॅडहून सोपी आहे आणि पैसे मात्र तिथेच जास्त वाया जातात. डिस्क ही बिडाची चकती. चपळ गाड्यांत पुढची डिस्क दोन पदरी असते आणि मधल्या फटींतून वारा खेळतो. तिचे काम दोन: घासायला सपाट पृष्ठभाग देणे आणि उष्णता पोटात साठवून हळूहळू वाऱ्याला देणे. म्हणून डिस्कमध्ये बीड जितके जास्त, तितके घाटात बरे. आता भोके पाडलेल्या डिस्ककडे पाहा. भोक म्हणजे काढून टाकलेले बीड. पूर्वीच्या पॅडमधली राळ तापली की वायू सुटे आणि पॅड-डिस्कच्या मध्ये अडके. तो निघून जावा म्हणून भोके आली. आजच्या चांगल्या पॅडना ती अडचण फारशी उरलेली नाही. पोर्शेसारख्या कंपन्या आजही भोकांची डिस्क देतात. त्यांची डिस्क मुळातच मोठी असते, भोकांची जागा आणि आकार हिशेबाने ठरलेले असतात. बाजारात आपल्या छोट्या गाडीसाठी जी मिळते ती बहुधा साध्या डिस्कला मागाहून ड्रिल मारलेली. वारंवार तापणे आणि पावसाच्या पाण्याने एकदम गार होणे, याने भोकांच्या कडेपासून बारीक चिरा धरतात. कोकणातल्या आषाढात हे रोज घडते.

खाचा पाडलेली डिस्क त्यापेक्षा बरी. खाच पॅडचा पृष्ठभाग खरवडून ताजा ठेवते, पाणी पुसते, पण पॅड लवकर संपवते आणि गुरगुरते. मैदानावर जाणाऱ्याला उपयोगाची. बाकी आपल्याला चांगल्या कंपनीची साधी, वाऱ्याच्या फटींची डिस्क पुरते. मधल्या टोपीला आणि कडांना गंज न चढण्याचा लेप दिलेली मिळाली तर समुद्राकाठच्या लोकांनी ती जरूर घ्यावी. रात्री पाऊस झाला की सकाळी डिस्कवर तांबूस थर दिसतो, त्याने घाबरू नये. दोन-तीन ब्रेकांत तो पुसला जातो. घाबरायचे ते डिस्कच्या बाहेरच्या कडेला उंच काठ चढला असेल तर. नखाने चाचपून पाहता येते.

डिस्कवर किंवा तिच्या टोपीवर किमान जाडी कोरलेली असते. समजा नवी डिस्क २२ मिलिमीटर आणि किमान १९. याचा अर्थ एकोणीसच्या खाली ती वापरायची नाही, मग ती दिसायला कितीही सपाट असो. गॅरेजमध्ये जुनी डिस्क लेथवर मारून सपाट करून देतात, पैसे वाचल्यासारखे वाटतात. मायक्रोमीटरने मोजून ती किमानाच्या बरीच वर उरत असेल तर ठीक. २२ ची १९.४ झालेली डिस्क लेथवर मारली तर नव्या पॅडच्या आयुष्यातच ती किमानाखाली जाणार. पातळ डिस्क लवकर तापते, आणि घाटात आपल्याला नेमके तेच नको असते.

स्टिअरिंगच्या थरथरीबद्दल सगळेच म्हणतात, डिस्क वाकली. पुष्कळदा ती वाकलेली नसते. चाकाच्या हबवर गंजाचा पापुद्रा राहिला आणि त्यावर नवी डिस्क बसवली, तर ती किंचित तिरकी फिरते. हा तिरकेपणा केसाच्या जाडीएवढाच असतो, पण काही हजार किलोमीटरमध्ये पॅड तिच्या एकाच बाजूला घासून जाडी कमी-जास्त करतो आणि थरथर सुरू होते. किंवा लाल तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून गाडी उभी ठेवली की पॅडचा ठसा डिस्कवर चिकटतो. म्हणून महागडी डिस्क घेऊनही दोन महिन्यांत थरथर परत आली, तर डिस्कच्या कंपनीला बोल लावण्याआधी हब घासला होता का, हे विचारावे. भाईजान तारेच्या ब्रशने हब इतका घासत की आम्ही पोरे कंटाळून जात असू. ते म्हणत, भांडे कलते असेल तर झाकण कसे बसेल?

तिसरी वस्तू अशी की तिच्याबद्दल कुणी हौसेने बोलत नाही. ब्रेक ऑइल. नाव ऑइल असले तरी ते तेल नव्हे, आणि त्याला हवेतले पाणी शोषण्याची सवय असते. डॉट ४ प्रकारचे ताजे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेले असेल तर हा आकडा १५५ पर्यंत उतरतो. डॉट ३ असेल तर २०५ आणि १४०. घाटात तापलेल्या कॅलिपरमध्ये जुने ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो. पाय थेट खाली जातो. पॅड मलूल पडले तर पेडल कडक राहते, गाडी मात्र थांबत नाही, निदान सूचना तरी मिळते. ऑइल उकळले तर पेडलच हरवते. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे आणि पॅड-डिस्क बदलताना तर बदलावेच. हजार रुपयांच्या आत-बाहेरचे हे काम टाळून हजारोंची डिस्क घालणारे मी पाहिले आहेत. डॉट ५ हे सिलिकॉनचे वेगळे रसायन आहे, ते आपल्या गाडीत मिसळू नये, डॉट ५.१ चालते.

कोकणातल्या वाचकांना एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. २०२१ च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेले तेव्हा शेकडो गाड्या बुडाल्या आणि त्यांतल्या पुष्कळ धुवून-पुसून पुन्हा बाजारात आल्या. बुडालेल्या गाडीच्या कॅलिपरच्या पिनांत चिखल आणि गंज राहतो. पिना अडकल्या की आतला पॅड संपतो आणि बाहेरचा जवळजवळ नवा राहतो. जुनी गाडी घेताना दोन्ही पॅडची जाडी वेगळी दिसली तर नवे पॅड घालून प्रश्न सुटणार नाही. पिना काढून साफ कराव्या लागतील, रबरी टोप्या नव्या घालाव्या लागतील आणि ब्रेकसाठीचेच ग्रीस लावावे लागेल. साधे काळे ग्रीस रबर फुगवते.

खरेदी कुठे करावी? पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, आणि प्रत्येक जिल्ह्याच्या गावी दोन-चार जुनी दुकाने. यातली कितीतरी आपल्याच ओळखीपाळखीच्या लोकांची आहेत, तिथे विश्वासाने जावे, पण गाडीचा चेसिस नंबर कागदावर लिहून न्यावा. एकाच नावाच्या गाडीला वेगवेगळ्या वर्षी वेगळ्या मापाच्या डिस्क आलेल्या असतात. ‘पोलोची द्या’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. डुप्लिकेट माल ओळखणे सोपे राहिलेले नाही, खोके हुबेहूब असते. पॅडच्या लोखंडी पट्टीवर बॅच क्रमांक कोरलेला आहे का, घर्षणाचा थर पट्टीला सगळीकडे सारखा चिकटला आहे का, कडा भुसभुशीत तर नाहीत ना, हे पाहावे. पक्के बिल मागावे. अर्ध्या किमतीत ‘तोच माल’ मिळत असेल तर तो तोच माल नसतो.

अगदी स्वस्त पॅडबद्दल आणखी एक भीती आहे. पूर्वी पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास असे. त्याची पूड फुप्फुसात गेली तर वर्षांनंतर कर्करोग होऊ शकतो. युरोपीय संघाने २००५ पासून त्यावर बंदी घातली. आपल्याकडे त्याच्या वापरावर अशी सरसकट बंदी नाही. खोक्यावर ‘अ‍ॅस्बेस्टॉसविरहित’ लिहिलेलेच पॅड घ्यावेत. गॅरेज चालवणाऱ्या आपल्या भावांनी आणि तिथे शिकणाऱ्या पोरांनी ब्रेकची पूड हवेच्या झोताने किंवा तोंडाने फुंकू नये, ओल्या कपड्याने पुसावी. पॅड कुठलाही असो.

आणि हो, कॅलिपरवर बसवायची लाल प्लास्टिकची झाकणे मिळतात, त्यावर परदेशी कंपनीचे मोठे नाव छापलेले असते. ती कॅलिपरला वारा लागू देत नाहीत. याहून जास्त शब्द त्यांच्यावर खर्चायची गरज नाही.

बसवतानाचे चार नियम गॅरेजमध्ये उभे राहून पाहता येतात. एका चाकाचे पॅड कधीच बदलायचे नाहीत, जोडीने दोन्ही चाकांचे. डिस्कही जोडीनेच. नव्या डिस्कवर जुने पॅड नकोत. कॅलिपर काढल्यावर तो रबरी नळीवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने बांधायचा. नव्या डिस्कला गंज न लागावा म्हणून तेलकट थर दिलेला असतो, तो ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसायचा आणि मग बोटांचा ठसाही उमटू द्यायचा नाही. चाकाचे बोल्ट टॉर्क पान्याने, पोलोला १२० न्यूटन-मीटर, आवळायचे. हवेच्या गनने वाटेल तसे आवळले की डिस्क ताणली जाते. आणि गाडी हलवण्याआधी पेडल आठ-दहा वेळा दाबून कडक करून घ्यायचे. नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकललेले असतात, त्यामुळे पहिला ब्रेक रिकामा जातो. गॅरेजच्या दारातच समोरच्या गाडीला धडकलेली नवीकोरी दुरुस्ती मी स्वतः पाहिली आहे.

यानंतरची पायरी बहुतेक जण विसरतात. नवे पॅड आणि नवी डिस्क एकमेकांना अनोळखी असतात. पॅडचा अगदी पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसला की पकड येते. मोकळा, सरळ रस्ता पाहावा, मागे कुणी नाही याची खात्री करावी. ताशी ६० वरून १० पर्यंत मध्यम जोराने ब्रेक लावावा, पूर्ण थांबू नये, पुन्हा ६०. असे आठ-दहा वेळा. मग दहा-पंधरा मिनिटे ब्रेक जवळजवळ न लावता गाडी चालवून गार होऊ द्यावी. तापलेल्या अवस्थेत पेडल दाबून उभे राहू नये. पॅडच्या खोक्यात कंपनीची वेगळी सूचना असेल तर तीच पाळावी. हे झाल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा सबुरीने. ईदच्या आदल्या दिवशी पॅड बदलून दुसऱ्या पहाटे घाटाकडे निघणारे असतात, त्यांनी हा हिशेब आधीच करावा आणि आठ दिवस अगोदर गाडी गॅरेजला लावावी.

मग घाट उतरताना काय? ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुना ट्रकवाल्यांचा नियम छोट्या गाडीलाही लागू आहे. पोलो जीटीसारख्या आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीत मुले दांडा ‘डी’ वर ठेवून उतरतात. गाडी वरचा गिअर धरते आणि सगळे ओझे ब्रेकवर येते. दांडा बाजूला घेऊन दुसरा-तिसरा गिअर हाताने धरून ठेवावा. इंजिन ओरडते म्हणून घाबरू नये. पाय सतत टेकवून ठेवण्यापेक्षा वळणाआधी नीट दाबावा आणि सोडावा, म्हणजे मधल्या वेळात डिस्कला वारा मिळतो. जळका वास आला तर जागा पाहून थांबावे, हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये किंवा ‘पी’ वर ठेवून चाकाखाली दगड लावावा, आणि पंधरा-वीस मिनिटे चहा प्यावा. डिस्कवर पाणी ओतू नये.

एवढे सगळे करूनही गाडी थांबवते शेवटी टायरची पकड. एबीएस असलेल्या गाडीत साधे पॅडही चाक अडकवण्याइतका जोर देऊ शकतात. त्यापुढे महागडा पॅड गाडी लवकर थांबवत नाही, तो फक्त दहाव्या ब्रेकलाही पहिल्यासारखाच धरतो. भाच्याने माझ्याकडे बजेट मांडले होते तेव्हा त्यात भोकांची डिस्क होती, पिवळे पॅड होते आणि टायर पाच वर्षांचे, टणक झालेले. आम्ही कागदावर रेघ मारून यादी बदलली: साधी डिस्क, कारखान्याच्या दर्जाचे एफएफ पॅड, ताजे डॉट ४, मागच्या ड्रमची सफाई आणि उरलेल्या पैशांत पुढचे दोन टायर. बहिणीने, म्हणजे त्याच्या अम्मीने, फक्त एकच प्रश्न विचारला की यात दिसणारे काय आहे. तो म्हणाला, काहीच नाही.

गॅरेजमधून निघताना जुने पॅड मागून घ्यावेत. आतला आणि बाहेरचा, डावा आणि उजवा, चारही शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. सारखे झिजले असतील तर कॅलिपर ठीक आहेत. एखादा तिरका, एखादा जास्त पातळ असेल तर बिल देण्याआधीच मिस्त्रीला दाखवावा.